खिशात मावणारा कॅमेरा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

रोजच्या वापरासाठी छोटा डिजिटल कॅमेरा घ्यावा का आणि घ्यायचा तर कोणता, यावर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. सर्वाधिक पत्रं जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आली, म्हणून हा अंक खान्देशच्या वाचकांचा. निम्म्या पत्रांत "किती मेगापिक्सेलचा घेऊ?" हा प्रश्न आहे. तो इथेच निकाली काढू. ए-फोर आकाराचा उत्तम प्रिंट काढायला साधारण पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. १२ किंवा त्याहून जास्त असले की त्या आकड्याकडे पुन्हा बघू नका. पाहायच्या गोष्टी दुसऱ्याच आहेत.

माझ्याकडे पंधरा हजारांचा फोन आहे. मुलांची स्नेहसंमेलनं, घरची लग्नं, सणवार, सहली यांचे फोटो नीट हवेत. आमचे हे म्हणतात, "मोबाईल शे ना, मंग कॅमेरा कसाले घेवाना?" खरंच फरक पडतो का? (गृहिणी, जळगाव)

ताई, त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. दिवसाच्या उजेडात, दोन-तीन मीटरवरच्या माणसांचे फोटो फोन चांगलेच काढतो. बटण दाबलं की तो चार-सहा फोटो एकावर एक रचतो, सावल्या उजळतो आणि लगेच पाठवूनही देतो. या कामात स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेरा फोनपुढे हरतो. कॅमेरा जिंकतो तो लांबच्या फोटोत, अंधारात आणि फ्लॅशच्या कामात.

आता सेन्सरचं माप बघा, कारण सगळी मेख तिथे आहे. स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये '१/२.३ इंच' सेन्सर असतो. तो प्रत्यक्षात ६.१७ बाय ४.५५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे २८ चौरस मिलिमीटर भरतो. वरच्या वर्गातल्या कॅमेऱ्यांत 'एक इंची' सेन्सर असतो. नाव एक इंच असलं तरी माप १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. उजेड गोळा करायला चौपट जागा. त्यात लेन्सची भर: स्वस्त कॅमेऱ्याची लेन्स साधारण एफ/३.६ पर्यंत उघडते, वरच्या वर्गातली एफ/१.८ पर्यंत (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं). तिथेही उजेड चौपट. चार चोक सोळा. रात्रीच्या मंडपात एकाचा फोटो दाणेदार, पुसट येतो आणि दुसऱ्याचा स्वच्छ, त्याचं कारण हे सोळापट.

म्हणून आमचं मत रोखठोक आहे. फोन ठीकठाक असेल तर १/२.३ इंची सेन्सरचा कॅमेरा फक्त झूमसाठी घ्यावा, "फोनपेक्षा चांगले फोटो येतील" म्हणून घेऊ नये. अंधारातले फोटो हवे असतील तर एक इंची सेन्सरच घ्या. कॅननचा जी-सेव्हन-एक्स मार्क टू (२०१६) आणि मार्क थ्री (२०१९), सोनीचा आरएक्स-१०० मार्क थ्री (२०१४) आणि त्यापुढचे, हे या वर्गातले. कॅननची लेन्स २४ ते १०० मिलिमीटर (हा आकडा मोठा, तितका झूम लांबचा), सोनी मार्क थ्रीची २४ ते ७०, दोन्ही एफ/१.८ ते २.८. सोनीचा मार्क सेव्हन (२०१९) २०० मिलिमीटरपर्यंत जातो, पण त्याची लेन्स एफ/२.८ ते ४.५ आहे. लांब गेलं की उजेड जातो, दोन्ही एकत्र मिळत नाही. स्नेहसंमेलनात दहाव्या रांगेतून काढायचं तर मार्क सेव्हन. पहिल्या दोन रांगांत जागा मिळत असेल तर एफ/१.८ चे कॅमेरे जास्त कामाचे.

हे कॅमेरे महाग आहेत. तरुणांमध्ये छोट्या कॅमेऱ्यांची हौस पुन्हा आल्यापासून तर काही मॉडेलं छापील किमतीलाही मिळत नाहीत. वर्षातून चार कार्यक्रमांसाठी एवढे पैसे घालायचे की तेच पैसे पुढच्या फोनमध्ये टाकायचे, हे दोघांनी मिळून ठरवा. फोन तसाही बदलणारच असाल तर आम्ही फोनच्या बाजूने कौल देऊ.

ऑनलाइन चार-पाच हजारांत "५६ मेगापिक्सेल, ४के, १६एक्स झूम" असा डिजिटल कॅमेरा दिसतो. घेऊ का? (विद्यार्थी, धुळे)

नको. यातल्या बहुतेकांत आत फोनसारखा छोटा सेन्सर असतो. त्याचे खरे मेगापिक्सेल पाच ते तेराच्या घरात असतात. कॅमेरा मधले ठिपके अंदाजाने भरून आकडा ५६ वर नेतो. फाइल मोठी होते, तपशील तेवढाच राहतो. '१६एक्स' हा डिजिटल झूम असतो, म्हणजे मधला तुकडा कापून मोठा करणं. त्याचा हिशोब असा: १२ मेगापिक्सेलचा फोटो १६ पट डिजिटल झूमवर कापला की मूळ ठिपक्यांतले २५६ व्या भागाएवढेच उरतात, म्हणजे सत्तेचाळीस हजारांच्या आसपास.

ओळखायचं कसं? पानावर 'ऑप्टिकल झूम' हे शब्द शोधा. नुसतं 'झूम' किंवा 'डिजिटल झूम' असेल तर पुढे जा. मग फोटोत लेन्सची कडा मोठी करून बघा. खऱ्या झूम लेन्सवर मिलिमीटरमधले दोन आकडे आणि त्यापुढे '१:' लावून एफचे आकडे छापलेले असतात.

बजेट वाढवता येत असेल तर कोडॅक पिक्सप्रो मालिकेतला एफझेड-४५ किंवा एफझेड-५५ बघा. दोन्हींत १६ मेगापिक्सेल आहेत आणि झूम खरा ऑप्टिकल आहे, अनुक्रमे चार आणि पाच पट. उजेडात बरे, रात्री फ्लॅशच्या भरवशावर. एफझेड-४५ पेन्सिल सेलवर चालतो. किराणा दुकानातले साधे सेल त्यात घातले तर थोड्याच फोटोंत मान टाकतात. २००० एमएएचचे रिचार्जेबल निकेल-मेटल सेल घ्या. दोनच्या दोन जोड्या ठेवा.

केळीची दहा एकर बाग आहे. पानांवरचा करपा आणि सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक हा विषाणूजन्य रोग) यांचे जवळून फोटो काढून सल्ल्यासाठी पाठवायचे असतात. फोनवर डाग स्पष्ट येत नाहीत. मे महिन्यात बागेत कॅमेरा टिकेल का? (शेतकरी, रावेर)

भाऊ, तुमच्या कामासाठी वॉटरप्रूफ वर्गातला कॅमेरा सगळ्यात योग्य: ऑलिंपसचा टफ टीजी-६ (२०१९) किंवा त्याच घराण्यातला ओएम सिस्टीमचा टीजी-७ (२०२३). मेगापिक्सेल १२ च आहेत, त्यावर जाऊ नका. याची लेन्स बाहेर येत नाही, शरीराच्या आतच हलते, त्यामुळे धूळ आणि फवारणीचे तुषार आत शिरत नाहीत. पाण्यात १५ मीटरपर्यंत चालतो, म्हणजे चिकाचे हात लागले तर नळाखाली धुता येतो. फक्त धुण्याआधी बॅटरीचं आणि जोडणीचं झाकण पक्कं लावा आणि रबरी सीलवर केस किंवा मातीचा कण नाही हे बघा. एका केसामुळेही पाणी आत जातं.

मुख्य गुण म्हणजे त्याचा मायक्रोस्कोप मोड. लेन्सपासून एक सेंटिमीटरवर फोकस होतो आणि झूम करूनही होतो. बाकीचे कॉम्पॅक्ट इथे फसवतात. मॅक्रोचं, म्हणजे जवळच्या फोटोचं फूल चालू केलं, झूम ओढला आणि पानाजवळ गेलं की फोकसची चौकट हिरवी होतच नाही. कारण जवळचा फोकस फक्त झूम मागे असताना मिळतो. जी-सेव्हन-एक्स मार्क टू वाइडला पाच सेंटिमीटरवर फोकस करतो, पूर्ण झूमला चाळीस सेंटिमीटर लागतात. म्हणून टीजी नसेल तर झूम पूर्ण मागे घ्या आणि कॅमेराच पुढे न्या.

फोटो काढताना आधी अख्खं झाड, मग अख्खं पान, मग डाग, असे तीन टप्पे घ्या. डागाच्या फोटोत शाळेतली पट्टी ठेवा, म्हणजे समोरच्याला आकार कळतो. करप्याच्या सुरुवातीच्या रेषा बारीक, पिवळसर आणि शिरांना समांतर असतात. त्या भर उन्हात दिसत नाहीत, कारण पानाचा मेणचट थर चमकतो. सावलीत धरा किंवा पान सूर्याकडे करून मागून उजेड येऊ द्या, रेषा उठून दिसतात. पानाच्या दोन्ही बाजू काढा. गडद हिरवं पान पूर्ण चौकटीत असलं की कॅमेऱ्याला दृश्य काळोखं वाटतं आणि तो जास्त उजळ करतो, पिवळा रंग फिका पडतो. त्यासाठी अधिक-उणे चिन्हाचं बटण दाबून एक्सपोजर उणे ०.७ वर आणा. एक सेंटिमीटरवर गेलात की कॅमेऱ्याचीच सावली पडते. फ्लॅशने भागणार नाही, टीजीसाठी लेन्सभोवती बसणारी प्रकाशाची कडी मिळते ती घ्या.

पाठवतानाची चूक तर सर्रास होते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकला की तो दाबून लहान होतो आणि डाग पुन्हा पुसट. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाइल जाते. ई-पीक पाहणीला मात्र हे फोटो चालत नाहीत, तिथे ॲपमधून फोननेच काढावे लागतात.

उन्हाचं म्हणाल, तर बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश दिलेली असते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. कॅमेरा लगेच बिघडतो असं नाही, पण अंग तापलं की व्हिडिओ मध्येच बंद होतो आणि बॅटरी लवकर म्हातारी होते. बागेतली कामं सकाळी नऊच्या आत उरका. गाडीच्या डॅशबोर्डवर कॅमेरा ठेवू नका, तिथलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच जास्त असतं. पिशवी काळी नको, पांढऱ्या जाड सुती कापडाची शिवून घ्या. बॅटरी फुगून खोबणीत अडकली तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, पेट घेऊ शकते.

सराफी दुकान आहे. दागिन्यांचे फोटो ग्राहकांना पाठवतो. सोनं कधी लालसर, कधी हिरवट दिसतं आणि अंगठी फुगल्यासारखी येते. कोणता कॅमेरा घ्यावा? (सराफ बाजार, जळगाव)

रंगाचा दोष कॅमेऱ्याचा नाही, दुकानातल्या उजेडाचा आहे. छताला पांढरे एलईडी, शोकेसमध्ये पिवळे, दारातून दिवसाचा उजेड, असे तीन रंग एकाच पाटलीवर पडतात आणि कॅमेरा कुठल्याही एकाला धरून बाकीचे बिघडवतो. फोटोच्या वेळी दुकानातले दिवे बंद करा आणि उत्तरेकडच्या खिडकीशी टेबल लावा. खिडकीवर बटर पेपर किंवा धुतलेलं पांढरं मलमल ताणा. समोरच्या बाजूला पांढरा कार्डशीट उभा करा, म्हणजे सावलीची बाजूही उजळते. सोनं आरशासारखं असतं, जे समोर असेल ते त्यात दिसतं. फोटो काढणाऱ्याचा लाल शर्टही दिसतो. पांढरा किंवा करडा घाला.

लाल मखमलीचा ट्रे काढून टाका. ग्राहकाला समोर दाखवायला तो छान आहे, फोटोत त्याची लाली सोन्यात उतरते. करडा, खरखरीत कागद सगळ्यात प्रामाणिक. मग मेनूत 'कस्टम व्हाइट बॅलन्स' निवडा, त्याच जागी कोरा पांढरा कागद ठेवून मोजून घ्या आणि उजेड बदलेपर्यंत तीच नोंद ठेवा. ढग आला की पुन्हा मोजा.

अंगठी फुगते कारण तुम्ही झूम मागे ठेवून अगदी जवळ जाता. वाइड लेन्सला जवळची वस्तू मोठी आणि मागची लहान दिसते. चाळीस-पन्नास सेंटिमीटर मागे सरा आणि ७० ते १०० मिलिमीटरवर झूम करा. त्यासाठी एक इंची सेन्सरचा, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, हाताने ठेवता येणारा कॅमेरा हवा. एफ/५.६ ते एफ/८ ठेवा. त्याने मोहनमाळेचे पुढचे-मागचे मणी बऱ्यापैकी स्पष्ट येतात. भोक त्याहून लहान केलंत तर उलट सगळंच जरा मऊ पडतं, कारण बारीक भोकातून प्रकाश पसरतो. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १२५, फ्लॅश बंद, छोटा ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर. बोटाने बटण दाबलं की कॅमेरा हलतो, टायमर लावला की हलत नाही. पार्श्वभूमी पांढरी असेल तर एक्सपोजर अधिक ०.७, काळी असेल तर उणे १.

एचयूआयडीचा फोटो मागणारे ग्राहक वाढलेत. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक बंधनकारक आहे. तो लेझरने कोरलेला असतो आणि समोरून उजेड टाकला की चकाकीत नाहीसा होतो. छोटी टॉर्च बाजूने, जवळजवळ पृष्ठभागालगत धरा. कोरलेल्या रेषांत सावली पडते आणि आकडे वाचता येतात.

रेल्वेतून निवृत्त झालो. हिवाळ्यात हतनूर धरणावर पक्षी बघायला जातो. मोठा कॅमेरा गळ्यात अडकवायची ताकद नाही. खिशातला झूमवाला चालेल? (भुसावळ)

काका, चालेल, पण अपेक्षा बेताच्या ठेवा. कॅननचा एसएक्स-७४० एचएस (२०१८) २४ ते ९६० मिलिमीटर, म्हणजे ४० पट. पॅनासॉनिकचा टीझेड-९९ (२०२५) २४ ते ७२० मिलिमीटर, ३० पट. दोन्हींचा सेन्सर १/२.३ इंची. कॅननची लेन्स पूर्ण झूमवर एफ/६.९ इतकीच उघडते, त्यामुळे सूर्य जरा कलला की फोटो दाणेदार होतात. शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, नाहीतर बदकाची मान हलली की सगळं गेलं. दोन्हींना डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर नाही. उन्हात पाठीमागचा पडदा दिसत नाही, टोपीची सावली त्यावर पाडावी लागते आणि हात लांब धरल्याने कॅमेरा हलतो. गळ्यातला पट्टा ताणून धरा, थरथर कमी होते.

झूमने उडता पक्षी शोधणं अवघड. एसएक्स-७४० मध्ये 'झूम फ्रेमिंग असिस्ट' आहे: बटण दाबून धरलं की झूम मागे येतो, पक्षी सापडला की सोडायचं, झूम परत जागी जातो. याची घरी कावळ्यांवर सवय करा.

एक गोष्ट कुठलाच कॅमेरा सुधारू शकत नाही. दहानंतर हतनूरच्या पाण्यावरची हवा तापून थरथरते आणि लांबचा पक्षी वितळल्यासारखा दिसतो. त्याला लोक फोकसचा दोष समजून कॅमेरा बदलायला जातात. सकाळी लवकर जा. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमाच्या बाजूने पक्षी जवळ येतील तेव्हाच बटण दाबा. निम्मं अंतर दुप्पट झूमच्या बरोबरीचं असतं आणि फुकट असतं.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात कॅमेरा नेला होता. आता चालू केला की लेन्स अर्धी बाहेर येते, करकर आवाज येतो आणि "लेन्स एरर" लिहून बंद होतो. (शहादा)

धुळीचा किंवा वाळूचा कण लेन्सच्या नळ्यांमध्ये अडकलाय. पुन्हा पुन्हा चालू करू नका, मोटरचे प्लास्टिकचे दाते तुटतात. आधी फोटो वाचवा: कार्ड काढून संगणकात उतरवून घ्या.

मग बॅटरी काढा, पाच मिनिटं थांबा, पूर्ण चार्ज केलेली घाला. कमी चार्जवरही हाच संदेश येतो. नाही जमलं तर बॅटरी काढून कॅमेरा लेन्स खाली करून धरा आणि रबरी ब्लोअरने नळीच्या फटीत चहूबाजूंनी हवा मारा. व्हिजिटिंग कार्डाहून पातळ कागदाची पट्टी फटीत घालून हलक्या हाताने गोल फिरवा, कण खाली पडतात. पुन्हा ब्लोअर, मग एकदाच चालू करून बघा. तोंडाने फुंकर मारली की थुंकी आत जाते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल असतं. शिवणयंत्राचं तेल घातलंत तर धूळ कायमची चिकटते. नळी हाताने पिळू नका.

एवढ्याने नाही झालं तर दुरुस्तीचा खर्च बघा. स्वस्त कॅमेऱ्यात लेन्स बदलणं बहुधा परवडत नाही आणि धुळीचं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. पुढच्या वेळी चेन असलेल्या पाकिटात ठेवा, घोडे पळायला लागले की लेन्स आत घ्या. पँटच्या खिशात बटण दाबलं जाऊन लेन्स कापडावर रेटली जाते, त्यानेही हेच होतं.

शाळेच्या सहलीला अजिंठ्याला जातो. लेण्यांतली चित्रं काळी येतात. (शिक्षिका, चाळीसगाव)

फ्लॅश तिथे चालत नाही, आणि चालायलाही नको. मेनूतून फ्लॅशसोबत फोकससाठी लागणारा नारिंगी दिवाही बंद करा, तो विसरला जातो. झूम पूर्ण मागे ठेवा, कारण तेव्हाच लेन्स सर्वांत जास्त उघडते. आयएसओ १६००, शटर १/१० ते १/१५. कोपर छातीला टेकवा, श्वास सोडून थांबा आणि सलग पाच-सहा फोटो घ्या, एखादा स्थिर निघतोच. भिंतीला किंवा खांबाला टेकू नका. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा अख्खा फोटो घेऊन नंतर संगणकावर कापणं, तिथे झूम करण्यापेक्षा बरं. सोमवारी लेणी बंद असतात, सहलीची तारीख ठरवताना बघा.

लग्नाच्या व्हिडिओत आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात. कॅमेरा खराब आहे का? (अमळनेर)

नाही. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, दिवे त्या तालावर १०० वेळा कमी-जास्त होतात. अमेरिका किंवा जपानमधून आणलेल्या कॅमेऱ्यात व्हिडिओ 'एनटीएससी', म्हणजे सेकंदाला ३० चौकटी असा असतो. मेनूत 'पाल' करा, २५ किंवा ५० चौकटी, आणि शटर ठेवता येत असेल तर १/५० किंवा १/१००. मंचामागच्या एलईडी पडद्याचे पट्टे मात्र याने जातीलच असं नाही, तो स्वतःच्या वेगाने लुकलुकतो.

घरात २००५ चा जुना कॅमेरा सापडला. हल्ली त्या जुन्या रंगांची फॅशन आहे. वापरता येईल? आणि जुना विकत घ्यायचा तर काय बघायचं? (कॉलेजकुमार, नंदुरबार)

येईल. "सीसीडीचे (जुन्या प्रकारच्या सेन्सरचे) रंग" म्हणतात ते निव्वळ सेन्सरचे नाहीत. त्या काळची रंगप्रक्रिया आणि समोरून पडणारा कडक फ्लॅश यांचाही त्यात वाटा आहे. अडचण कार्डाची येईल. २००६ च्या आधीचे कॅमेरे बहुधा २ जीबीपर्यंतचंच साधं एसडी कार्ड वाचतात. ३२ जीबीचं घातलंत तर "कार्ड एरर". ऑलिंपस किंवा फुजी असेल तर एक्सडी कार्ड लागतं, जुन्या सोनीला मेमरी स्टिक, आणि ती आता जुन्या बाजारातच. दर वेळी तारीख १ जानेवारीवर जात असेल तर आतला छोटा सेल रिकामा झालाय. चार्ज केलेली मुख्य बॅटरी घालून कॅमेरा एक दिवस तसाच ठेवा, बहुतेकांत तो पुन्हा भरतो.

विकत घेताना स्वतःचं कार्ड घेऊन जा. झूम पुढे-मागे दहा वेळा करा, आवाज सारखा यायला हवा. पांढऱ्या भिंतीचा किंवा निरभ्र आकाशाचा फोटो काढून पडद्यावर मोठा करा, काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ. लेन्समध्ये तिरका टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, सोडून द्या. तोरणमाळसारख्या ठिकाणी पावसाळाभर चामडी पाकिटात राहिलेल्या कॅमेऱ्यात ती हमखास सापडते. फ्लॅश तीनदा मारून बघा. बॅटरी टेबलावर ठेवून फिरवा, भोवऱ्यासारखी फिरली तर फुगलेली आहे. मूळ चार्जर नसेल तर त्याची किंमत आधी विचारून मगच भाव करा.

३२ जीबी की १२८ जीबी कार्ड? (पारोळा)

फोटोच काढत असाल तर ३२ पुरे. २० मेगापिक्सेलचा जेपेग सहा-सात एमबीचा धरला तर साडेचार हजारांच्या आसपास फोटो बसतात. ४के व्हिडिओ १०० मेगाबिटने घेतला तर तेच कार्ड चाळीस मिनिटांत भरतं, तिथे व्ही-३० ही वेगाची खूण असलेलं १२८ घ्या. कार्ड नेहमी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. अर्ध्या किमतीत मिळालेलं कार्ड वापरात आणण्यापूर्वी संगणकावरून एकदा काठोकाठ भरून फाइली उघडून बघा. बनावट कार्डावर १२८ लिहिलेलं असतं आणि आठ-दहा जीबीनंतरच्या फाइली उघडत नाहीत.